साथ चालू असताना अपेंडिक्स दुखायला लागलं तर काय करायचं

आधी मुद्द्याचं सांगते. दुखणं बेंबीपाशी सुरू झालं, काही तासांत सरकत उजव्या बाजूला खाली येऊन बसलं, खायची वासना गेली आणि खोकलं किंवा जिना उतरला की तिथेच कळ जाते, असं असेल तर बाहेर कुठलीही साथ असू दे, लॉकडाऊन असू दे, त्याच दिवशी डॉक्टरांना पोट हात लावून तपासू द्यायचं. उद्या बघू म्हणायचं नाही. साथीत आपल्याला घरात थांबा म्हणून सांगतात, ते गर्दी टाळण्यासाठी असतं, अपेंडिक्सला ते लागू नाही, आणि हे कुणी नीट फोड करून सांगितलं नाही म्हणून २०२० मध्ये कितीतरी लोक पोट धरून घरात बसून राहिले.

आमच्याच घरात झालं हे. ताईचा मुलगा, तेव्हा चौदा वर्षांचा. पहिल्या दिवशी पोट दुखतंय म्हणाला, ताईने फोनवर डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गॅस असेल म्हणून गोळी सांगितली, आणि ताईला मनातून तेच हवं होतं कारण हॉस्पिटलात गेलो तर तिथूनच कोविड घेऊन येऊ ही भीती. दुसऱ्या दिवशी तो गुडघे पोटाशी घेऊन उजव्या कुशीवर पडून होता, सरळ व्हायला तयार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉलवर मला म्हणाला, मावशी दुखायचं थांबलं एकदम. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. संध्याकाळी त्याला हुडहुडी भरून ताप चढला आणि पोट लाकडाच्या फळीसारखं कडक झालं. ते दुखणं थांबलं होतं ते अपेंडिक्स फुटलं म्हणून, आतला ताण गेला की काही तास बरं वाटतं आणि मग पू पोटात पसरायला लागतो. पहिल्या हॉस्पिटलने स्वॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय आत घेणार नाही म्हणून चार तास बाहेर बसवलं, दुसऱ्या ठिकाणी ऑपरेशन झालं, पोट धुतलं, पू काढायला नळी ठेवली, आणि एकदोन दिवसांत घरी यायचं पोरगं अकराव्या दिवशी घरी आलं. सर्जन ताईला एवढंच म्हणाले, परवा आणला असता तर आत्तापर्यंत घरी गेला असता.

त्यानंतर ह्या विषयावर जे जे मिळालं ते मी वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. मी स्वतः डॉक्टर नाही, निदान आणि औषध त्यांनीच करायचं, पण त्यांच्यापर्यंत वेळेत पोचायचं कसं आणि पोचल्यावर काय विचारायचं हे आपल्या हातात आहे.

साथीत नक्की काय बिघडलं

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि त्यानंतरच्या महिन्यांत बऱ्याच देशांतल्या सर्जनना एक गोष्ट दिसली, अपेंडिक्सचे पेशंट कमी यायला लागले, पण जे येत होते त्यांच्यात फुटलेल्या, पू झालेल्या केसेसचं प्रमाण वाढलेलं होतं, लहान मुलांत तर ठळकपणे. आता हे वाचून लगेच वाटतं की सगळे उशिरा आले म्हणून फुटलं. ते खरं आहे पण अर्धं. दुसरी अर्धी गोष्ट अशी की सौम्य अपेंडिक्स कधीकधी आपोआप शांत होतो, आणि एरवी असे लोक हॉस्पिटलात येऊन त्यांचं ऑपरेशन झालं असतं, साथीत ते आलेच नाहीत. नुसतं समजावं म्हणून आकडे घेऊ, समजा आधी १०० यायचे त्यात २५ फुटलेले, आणि साथीत ६० च आले त्यात २५ फुटलेले, तर फुटलेल्यांची संख्या तीच राहिली पण प्रमाण २५ वरून ४२ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणून अशी बातमी वाचली की टक्केवारी बघून घाबरायचं नाही, फुटलेल्या केसेस मोजून किती होत्या ते बघायचं.

पण ह्याचा कुणी असा अर्थ काढू नका की मग घरीच थांबून बघू, आपोआप बरा होईल. कुणाचा शांत होणार आणि कुणाचा फुटणार हे घरात बसून सांगता येत नाही, आणि आमचा पोरगा दुसऱ्या गटातला निघाला.

घरी ओळखायचं कसं

अपेंडिक्सचा आजार कुठल्याही वयात होतो पण १० ते ३० मध्ये जास्त. नेहमीची चाल अशी, आधी बेंबीभोवती किंवा वरच्या पोटात मंद दुखणं, मग भूक जाते, मळमळ, एखादी उलटी, आणि मग दुखणं उजव्या बाजूला खाली. बेंबीपासून उजव्या कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापर्यंत मनात एक रेघ ओढा, त्या रेघेचे तीन भाग केले तर हाडाकडचा तिसरा भाग जिथे सुरू होतो ती जागा, १८८९ मध्ये मॅकबर्नी नावाच्या सर्जननी सांगितलेली, अजून डॉक्टर तिथेच बोट ठेवतात. पेशंटला एका बोटाने कुठे दुखतंय ते दाखव म्हणा. अख्ख्या पोटावर हात फिरवला तर कदाचित दुसरं काही असेल, बोट त्या जागेवरच टेकलं तर उशीर नको. दुसरं, उभं राहून टाचा उचलून दाणकन जमिनीवर टेकवायला सांगा किंवा जोरात खोकायला सांगा, त्या जागी कळ गेली तर आतल्या आवरणाला सूज आहे असं समजायचं. पोट दाबून दाबून बघत बसायचं नाही, ते डॉक्टरांचं काम.

अपेंडिक्स असण्याची शक्यता किती ते मोजायला डॉक्टर लोक अल्वाराडो स्कोअर वापरतात, १९८६ पासूनचा. एकूण १० गुण. दुखणं सरकलं १, भूक गेली १, मळमळ किंवा उलटी १, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं २, दाबून पटकन सोडल्यावर जास्त दुखतं १, थोडा ताप १, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या २, आणि त्या पेशींत न्यूट्रोफिल नावाचा प्रकार जास्त १. म्हणजे १० पैकी ७ गुण रक्त न काढता, नुसतं विचारून आणि तपासून कळतात. मी हे एवढ्यासाठी सांगते की फोनवर डॉक्टरांशी बोलताना ह्याच गोष्टी वेळेसकट सांगायच्या. पोट दुखतंय एवढंच सांगितलं की समोरून गॅसची गोळी येते. त्याऐवजी सांगा, काल रात्री दहाला बेंबीपाशी सुरू झालं, पहाटे चारला उजवीकडे खाली आलं, काल दुपारपासून काही खाल्लं नाही, एक उलटी, ताप ३७.९ सेल्सिअस, खोकल्यावर कळ जाते. एवढं ऐकून कुठलाही डॉक्टर म्हणेल ताबडतोब या. नाही म्हणाले तर तुम्ही विचारा, पोट तपासल्याशिवाय अपेंडिक्स नाही हे तुम्ही सांगू शकता का? फोनवर पोट तपासता येत नाही, साथीने किती सोयी आणल्या तरी ही सोय आलेली नाही.

काहींचं दुखणं ह्या चालीने जात नाही आणि तेच जास्त फसतात. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेला असेल तर दुखणं कमरेत, कुशीत जाणवतं. ओटीपोटात खाली लोंबत असेल तर जुलाब किंवा सारखी लघवी लागते. गरोदर बाईचं दुखणं वरच्या बाजूला असू शकतं. म्हाताऱ्या माणसांना ताप नाही, दुखणंही बेताचं, आणि आत मात्र फुटलेला. अगदी लहान मुलांना सांगताच येत नाही, ती नुसती किरकिर करतात, खात नाहीत, पाय पोटाशी घेतात, आणि त्यांच्यात फुटण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं.

वेळेचा हिशोब असा की पहिल्या ३६ तासांत साधारणपणे फुटण्याचा धोका कमी, त्यापुढे तो चढत जातो. घड्याळ दुखणं सुरू झाल्यापासून लावायचं, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही. कागदावर वेळ लिहून ठेवा, घाबरल्यावर कुणाला काही आठवत नाही.

घरी करायचं नाही ते पण सांगते. जुलाबाचं औषध नाही, एनिमा नाही, पोट शेकायचं नाही, घरात उरलेलं अँटिबायोटिक तर अजिबात नाही कारण अर्धवट डोसने लक्षणं दबतात आणि आजार तसाच राहतो. पॅरासिटामॉलचा एक डोस घेतला म्हणून निदान चुकत नाही, पण दर काही तासांनी गोळी देऊन दिवस ढकलायचा हे आम्ही केलं, ते करू नका. हॉस्पिटलला जायचं ठरलं की खाणं बंद, कारण भूल द्यायची तर घन पदार्थ खाऊन सहा तास झालेले लागतात, नुसतं पाणी असेल तर दोन तास.

कोविड की अपेंडिक्स, की दोन्ही

हा घोळ खरा आहे. कोविडमध्ये बऱ्याच जणांना पोटदुखी, जुलाब, उलट्या होतात. आणि मुलांना संसर्ग होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी एक वेगळाच आजार होऊ शकतो, अंगभर सूज आणणारा, एमआयएस-सी म्हणतात त्याला, त्यात जोरात ताप आणि पोट इतकं दुखतं की अपेंडिक्सच वाटतो. त्यात बहुतेकदा डोळे लाल, अंगावर पुरळ, ओठ-जीभ लाल असं काही ना काही बरोबर असतं आणि ताप पहिल्यापासून खूप असतो. अपेंडिक्समध्ये आधी दुखणं आणि ताप मागून, तोही सुरुवातीला बेताचा. म्हणून मुलाला महिना-दीड महिन्यात कोविड झाला असेल, घरात कुणाला झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.

ह्याच्या बरोबर उलट चूकही होते. टेस्ट पॉझिटिव्ह आली की सगळंच कोविडच्या खात्यात टाकतात. टेस्ट पॉझिटिव्ह आहे म्हणून अपेंडिक्स नाही असं होत नाही, एकाच माणसाला दोन्ही एकदम होऊ शकतं.

हॉस्पिटलात पोचल्यावर

निघायच्या आधी फोन करा. दोन वाक्यं पुरतात, अपेंडिक्सचा संशय आहे, आणि कोविडची लक्षणं किंवा संपर्क आहे किंवा नाही. त्यामुळे त्यांना पेशंट कुठल्या दाराने घ्यायचा ते ठरवता येतं. सोबत बहुतेक एकालाच सोडतात, कधी कुणालाच नाही, म्हणून चालू औषधं, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, घरच्यांचे दोन नंबर हे कागदावर लिहून पेशंटच्या खिशात, फोनचा चार्जर पिशवीत. आमच्या वेळी बॅटरी संपली आणि ताई आत, दाजी बाहेर, तीन तास कुणाला काही कळेना.

स्वॅबच्या रिपोर्टसाठी बसवून ठेवत असतील तर नम्रपणे पण ठामपणे विचारायचं. रॅपिड टेस्ट अर्ध्या तासात होते. आणि तातडीच्या पेशंटला रिपोर्टची वाट न बघता पॉझिटिव्ह धरून पीपीई घालून तपासता येतं, त्याचं ऑपरेशनही करता येतं. मी त्या दिवशी तिथे असते तर हेच विचारलं असतं, रिपोर्ट येईपर्यंत सर्जन पोट तपासतील का, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू होईल का? नाही म्हणाले तर लिहून मागा आणि दुसरीकडे कुठे पाठवताय ते विचारा.

तपासण्या म्हणजे रक्तातल्या पेशी, सीआरपी म्हणजे अंगात सूज आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, लघवी, मूल होण्याच्या वयातल्या बाईची गरोदरपणाची टेस्ट, सोनोग्राफी, आणि लागलं तर सीटी स्कॅन. सीटीचं महत्त्व साथीत वाढलं कारण ऑपरेशन करायचं की औषधावर ठेवायचं हे ठरवायला आत काय चाललंय ते नीट दिसायला लागतं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना आधी सोनोग्राफी.

ऑपरेशन की नुसतं अँटिबायोटिक

इथे जरा थांबून वाचा, कारण साथीत सगळ्यात मोठा बदल इथेच झाला. मार्च २०२० मध्येच अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने सर्जनना कळवलं की साध्या, न फुटलेल्या अपेंडिक्सला अँटिबायोटिकवर ठेवता येतं ह्याला चांगला पुरावा आहे. ऑपरेशन थिएटर मोकळी नव्हती, भूलतज्ज्ञ आयसीयूत अडकलेले, मग बऱ्याच ठिकाणी हाच रस्ता धरला. पण ही साथीतली काटकसर आहे असं समजू नका. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये कोल्ड्री नावाच्या सर्जननी शेकडो पेशंट असे हाताळले होते. आणि अँटिबायोटिक प्रत्येक वेळी पुरत नाही हेही जुनंच, १९६१ मध्ये अंटार्क्टिकावर लिओनिद रोगोझोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढलं, तळावर दुसरा डॉक्टर नव्हता, त्यानेही आधी अँटिबायोटिक घेऊन बघितलं होतं आणि दुखणं वाढतच गेलं.

अमेरिकेतल्या २५ हॉस्पिटलांत झालेला कोडा नावाचा अभ्यास ऑक्टोबर २०२० मध्ये आला, १५५२ मोठी माणसं, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना १० दिवस अँटिबायोटिक. तीस दिवसांनी तब्येत कशी आहे ह्यात दोन्ही गट सारखे. अँटिबायोटिकवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तर पहिल्यांदा ॲडमिटच करावं लागलं नाही, साथीच्या दिवसांत ही केवढी मोठी गोष्ट. पण ९० दिवसांत त्यातल्या २९ टक्क्यांचं ऑपरेशन करावंच लागलं. आणि इथेच तो शब्द येतो जो प्रत्येकाने पाठ करावा, फिकॅलिथ, म्हणजे अपेंडिक्सच्या तोंडात अडकलेला कडक झालेल्या मळाचा खडा. खडा असलेल्यांत ४१ टक्के, नसलेल्यांत २५ टक्के, आणि खडा असलेल्यांत गुंतागुंतही जास्त. पुढे तीन-चार वर्षांपर्यंत बघितलं तर अँटिबायोटिकवाल्यांतले साधारण निम्मे शेवटी ऑपरेशनला आलेच. फिनलंडमध्येही अँटिबायोटिकचा असाच एक अभ्यास झाला, त्यात खडा असलेले पेशंट घेतलेच नव्हते, तिथे पाच वर्षांत ३९ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला.

मग डॉक्टरांना काय विचारायचं? फुटलाय का, पू साठलाय का, खडा आहे का, हे सोनोग्राफीवर ठरवलंय की सीटीवर. पहिल्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आलं, माणूस धडधाकट असेल, परत यायला गाडी आणि सोबत असेल, तर अँटिबायोटिकचा पर्याय मोकळ्या मनाने बोलायला हरकत नाही. खडा असेल तर मी माझ्या माणसासाठी ऑपरेशनच मागेन, हे माझं मत. गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला पेशंट असेल तर हा निर्णय फार जपून. औषधावर ठेवल्यावर २४ ते ४८ तासांत दुखणं कमी व्हायला हवं, वाढलं किंवा तापाने वर जायला सुरुवात केली की औषध चालू आहे म्हणून थांबायचं नाही.

कोविड पॉझिटिव्ह असताना ऑपरेशन केलं तर काय, ही भीती सगळ्यांना असते. २०२० मध्ये २४ देशांतल्या ११२८ पेशंटचा अभ्यास आला, ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झालेल्यांत ३० दिवसांत २३.८ टक्के दगावले. आकडा वाचून अंगावर काटा येतो, पण त्यात सगळ्या प्रकारची ऑपरेशनं होती, हाडाची, कॅन्सरची, म्हातारे आजारी पेशंट पुष्कळ, आणि तो लसीच्या आधीचा काळ. तरुण माणसाच्या अपेंडिक्सला हा आकडा चिकटवू नये. पण पॉझिटिव्ह पेशंटचा न फुटलेला अपेंडिक्स असेल तर अँटिबायोटिककडे पारडं का झुकलं ते ह्यावरून कळतं. फुटला असेल, पोटभर पू असेल, तर पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, थांबून फायदा नाही.

दुर्बिणीबद्दल पण सुरुवातीला घोळ झाला. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटात गॅस भरतात, त्या गॅसबरोबर विषाणू बाहेर येईल ह्या भीतीने काही ठिकाणी पुन्हा पोट उघडून ऑपरेशन करायला लागले. नंतर गॅस फिल्टरमधून काढायची व्यवस्था करून बहुतेक जण दुर्बिणीवर परतले, आणि ते बरं झालं, कारण दुर्बिणीत जखम पिकायचं प्रमाण कमी आणि पेशंट लवकर घरी.

घरी आल्यावर

साथीत लवकर घरी सोडतात, त्यामुळे लक्ष ठेवायचं काम आपल्यावर येतं. पहिले दहा दिवस ताप सकाळ-संध्याकाळ मोजून लिहा. जखम लाल, गरम, घाण वासाचं पाणी, पोट फुगणं, थांबत नाही अशी उलटी, ह्यातलं काही झालं तर फोन. ऑपरेशननंतर पाच ते दहा दिवसांनी पुन्हा ताप आला तर पोटात पू साठला असू शकतो, तिथे कोविडची टेस्ट जरूर करा पण पोटाची सोनोग्राफीही मागा, टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून ताप सोडून देऊ नका. पोटरी सुजली, एका पायात दुखतंय, दम लागतोय, तर रक्ताची गुठळी असू शकते, ऑपरेशन आणि कोविड दोन्हींनी तो धोका वाढतो, म्हणून पहिल्या दिवसापासून उठून चालायचं. श्वास ओढून नळ्यांतले तीन छोटे चेंडू वर उचलायचा व्यायाम देतात, तो कंटाळवाणा वाटतो, आमचा पोरगा चेंडू वर किती वेळ राहतो त्याची पैज लावायचा आजोबांबरोबर, तसं काहीतरी करा पण करा.

ऑपरेशन न करता अँटिबायोटिकवर बरे झालात तर डिस्चार्जच्या कागदाचा आणि सीटी रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पाठवून ठेवा. चाळिशीच्या पुढे असाल आणि पू किंवा गाठ झाली होती असं लिहिलं असेल तर साथ ओसरल्यावर कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठं आतडं आतून दुर्बिणीने बघायच्या तपासणीची, तारीख घ्या, कारण कधीकधी मागे गाठ वेगळीच, कॅन्सरची असते आणि साथीत राहिलेली तपासणी राहूनच जाते. आणि पुन्हा उजवीकडे तसंच दुखलं तर तो रिपोर्ट हातात घेऊन सरळ इमर्जन्सीत जायचं, तिथे पहिलं वाक्य हे सांगायचं की माझं अपेंडिक्स अजून पोटात आहे.